उलटलेले खायपेन

रायपूरहून निघताना आईने बॅगेत इतका चिवडा भरला की स्वेटर हातात घ्यावा लागला. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, आणि पासपोर्ट काढणाराही. कॉलेजच्या गटाबरोबर आठवडाभर लाओसमध्ये, लुआंग प्रबांगजवळच्या गावात राहायचं होतं. तिथे आपल्या हातून काही चुकू नये, एवढीच धास्ती होती.

मेकाँग नदी पहिल्यांदा दिसली ती सकाळच्या धुक्यात. थंडीत पाणी उतरलं की तिथल्या खडकांवर ‘खाय’ (हिरवं शेवाळ) धरतं. गुडघाभर पाण्यात उभ्या बाया ते ओढून काढत होत्या. ज्यांच्या घरी मी उतरलो होतो, त्या साठीच्या मे खाम (मे म्हणजे आई) त्यांतच होत्या. मदत करावी म्हणून मीही उतरलो, घसरलो आणि पाण्यात बसलो. मे काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या बाया हसल्या. त्यांची मुलगी नोय थोडं इंग्रजी बोलायची. तिने सांगितलं, “आई म्हणतेय, शेवाळ राहू द्या, आधी पाहुण्याला काढा.”

घरी ते धुऊन, कुटून चटयांवर पातळ थापलं. वरून चिंचेचं पाणी, लसूण, टोमॅटोच्या चकत्या आणि भरपूर तीळ. वाळलं की झालं खायपेन. तळायचं आणि तिखट चटणीबरोबर खायचं. चटणीत म्हशीचं कातडं असतं, हे नोयने मी दुसरा घास गिळल्यावर सांगितलं. हा परिच्छेद आईला वाचून दाखवू नये.

दुपारी दोघी देवळात गेल्या. मला फक्त कोंबड्या हाकायच्या होत्या. पण ऊन चढलं आणि मला राहवेना. आमच्याकडे पापड एका बाजूने सुकले की उलटतात. रायपुरात तेलीबांध्याच्या आमच्या गच्चीवर ते काम लहानपणापासून माझंच. मी मोठ्या मनाने एकूण एक खायपेन उलटलं. निम्मी फाटली. तीळ खाली सांडले, ते कोंबड्यांनी टिपले.

मे परतल्या आणि अंगणातच थांबल्या. हा माल दुसऱ्या दिवशीच्या बाजारासाठी होता. त्या नोयवर बरसल्या. नीट थापलं नाहीस, हे मला भाषेशिवाय कळलं. नोय मान खाली घालून उभी. मी गप्प राहिलो असतो तर खपून गेलं असतं. मी वर्गात करतो तसा हात वर केला.

“मी उलटली. आमच्याकडे उलटतात.”

नोयने ते आईला सांगितलं. मेंनी एक फाटका तुकडा उचलून उन्हात धरून पाहिला. मग नोयकरवी म्हणाल्या, “आता कळलं, तुझ्या आईने तुला एवढ्या लांब का पाठवलं.”

शिक्षाही ठरली. सकाळी बाजारात बिनतिळाच्या टोपलीमागे बसायचं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचं, “खोय हेत” (मी केलं). माझे कान लाल झाले. म्हाताऱ्या थांबायच्या, हसायच्या आणि घेऊन जायच्या. माझी टोपली मेंच्या टोपलीआधी रिकामी व्हायला लागली, तेव्हा मेंनी ती गुपचूप मागे सरकवली.

निघताना त्यांनी आईसाठी चांगली खायपेन बांधून दिली. मी माझ्या हातचं एक मागून घेतलं.

घरी आईने सगळी तळली. परदेशाची हकीकत ऐकायला शेजारच्या काकू आल्या होत्या. नेमकं माझंच आईच्या हाती आलं.

“याचे तीळ कुठं गेले रे?”

“मी उन्हात उलटलं, म्हणून पडले. उलटायचं नसते तिकडे.”

आईने ते मोडून तोंडात टाकलं. “ऊन चढलं का उलटावंच लागते. त्यायले समजत नाही काय?”

काकूंनी मान डोलावली. मे खाम यांच्या बाजूने बोलायला मी तोंड उघडलं. आपली चूक कबूल करायला मी लाओसमध्ये शिकलो होतो. आईची दाखवायला बहुतेक आणखी लांब जावं लागेल. मी उघडलेल्या तोंडात खायपेन घातलं.