कंटाळलेला उमेदवार

“हा उमेदवार एवढा कंटाळलेला का आहे?”

ओनुकी-सान यांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि माझ्या दिशेला तोंड करून विचारलं. मंगळवारची दुपार. बुधवारी दुपारी सीडींची पाकिटं पोस्टात पडायलाच हवी होती, कारण रविवारी मतदान.

“कुठला उमेदवार?”

“आत्ताचा. त्याच्या आधीची बाई बघा किती उत्साहात आहे. आणि हा? कुणीतरी जबरदस्तीने उभं केल्यासारखा.”

मला हसू आलं. दोघांचा मजकूर वाचणारा आवाज एकच होता, आणि त्या आवाजामागे माणूसच नव्हता. तो आमच्या कॉम्प्युटरने तयार केलेला आवाज होता. कॉम्प्युटर कशाला कंटाळेल?

मी टोकियोतल्या एका छोट्या कंपनीत काम करते. लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवणारे आवाज आम्ही बनवतो. लिफ्टमध्ये ‘दार बंद होत आहे’ म्हणणारी बाई असते ना, तसल्या बायका. नवऱ्याच्या नोकरीमागून जपानात आले, दोन वर्षं फुनाबोरी नावाच्या वस्तीत पोळ्या लाटत जपानी शिकले आणि मग इथे चिकटले, ती आजतागायत.

इथे निवडणूक लागली की घरोघरी एक पत्रक येतं. प्रत्येक उमेदवाराला सारख्याच मापाची चौकट. निवडून आलो तर काय करीन, ते त्याने त्यात लिहायचं. कुणाची चौकट आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरतं. मजकूर जसा आला तसा छापायचा, त्यातला स्वल्पविरामसुद्धा कुणी हलवायचा नाही. बाकी प्रचार म्हणजे गाडीवर भोंगा लावून स्वतःचं नाव ओरडत फिरणं. दिवसभर नाव, नाव आणि नाव. माणूस करणार काय, ते कळतं त्या पत्रकातूनच.

आता ज्याला डोळ्यांनी दिसत नाही, त्याने काय करायचं? टोकियोजवळच्या एका शहरात त्यासाठी स्वयंसेवकांचा एक गट आहे. ते पत्रक वाचून रेकॉर्ड करतात आणि सीडी अंध मतदारांच्या घरी पाठवतात. पण शहराच्या नगरसेवकांच्या निवडणुकीत प्रचाराला मिळतो जेमतेम आठवडा. उमेदवार भरमसाट, वाचणाऱ्या बायका सत्तरीपुढच्या. म्हणून या वेळी पहिल्यांदाच त्यांनी आमचा आवाज घेतला होता.

ओनुकी-सान या गटातल्या. जन्मापासून अंध. अंधशाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी ऐकून ‘हो’ म्हटल्याशिवाय एकही सीडी बाहेर जात नसे.

“हे आमचं नवीन फीचर आहे,” मी जरा तोऱ्यातच सांगितलं. “मजकुरात काय म्हटलंय ते मशीन ओळखतं आणि त्याप्रमाणे आवाजात भाव आणतं. त्या बाईंनी लहान मुलं, बागा, सण असं लिहिलंय, वर उद्गारचिन्हांची खैरात. म्हणून आवाज खुलला. या गृहस्थांनी लिहिलंय गटारं, जुने पूल आणि शहरावरचं कर्ज. म्हणून आवाज पडला. बरोबरच आहे ना?”

दोन वर्षं मी त्या भावांवर घासली होती. आमचे साहेब मिझुनो-सान हीच सीडी पुढे दहा शहरांना दाखवायला निघाले होते.

“मोहिते-सान,” ओनुकी-सान शांतपणे म्हणाल्या, “खरं सांगू का, हा माणूस मला अजिबात आवडत नाही. आमच्याच भागातला आहे. महाआढ्यतेखोर.”

“मग तुमचं तर बरंच झालं की!” मी गमतीत म्हटलं.

त्या हसल्या नाहीत.

“माझे यजमान मला पत्रक वाचून दाखवायचे,” त्या म्हणाल्या. “तेव्हा सीडी वगैरे काही नव्हतं. फार प्रेमळ माणूस. दर निवडणुकीला चहा घेऊन बसायचे आणि सगळं वाचायचे. निदान मला तसं वाटायचं. पुढे हा गट सुरू झाला, पहिली कॅसेट घरी आली. ऐकते तर काय, यांना न पटणारा एक उमेदवार होता, त्याने चौकट भरून लिहिलं होतं. आमच्याकडे तो कायम दोन ओळींत आटपायचा. बिचाऱ्यांनी मुद्दाम केलं नसेल. नावडत्या माणसाचं वाचताना त्यांनाच कंटाळा यायचा. पण इतकी वर्षं माझं मत म्हणून मी त्यांचंच मत टाकून आले होते.”

मी त्या उमेदवाराची चौकट स्क्रीनवर परत उघडली.

“आता ते नाहीत. पण तुमच्या मशीनमध्ये मला तेच ऐकू आले. या माणसाला मी मत देईन असं नाही. नाकारायचं तर त्याचं ऐकून नाकारीन. तुमचं मशीन त्याला कंटाळलंय म्हणून कशाला?”

मिझुनो-सानना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि दातांतून हवा आत ओढली. इथे याचा अर्थ ‘अवघड आहे’.

“उद्गारचिन्हं काढून टाकली तर?” त्यांनी मला विचारलं.

“मजकुराला हात लावायचा नाही, असा यांचा नियम आहे. आणि काढली तरी फरक पडणार नाही. मशीन शब्दांवरून भाव ठरवतं.”

“बाकी कुणाच्या लक्षात येईल का?”

“लक्षात आलं नाही तर जास्तच वाईट,” ओनुकी-सान म्हणाल्या. मग त्या काठी घेऊन उठल्या. “सकाळी येते. तोवर काय ते ठरवा.”

गेल्या की हो! उद्या दुपारी पोस्ट, आणि या बाईंचा होकार नाही. होकार नाही तर सीडी नाहीत. सीडी नाहीत तर त्या शहरातल्या कितीतरी लोकांनी रविवारी नुसती भोंग्यावर ऐकलेली नावं घेऊन मतदानाला जायचं.

तरी माझं मन मानेना. घरी आले. मंदार, म्हणजे माझा नवरा, भेंडी चिरत होता. तो बँकेत आयटीत आहे. इतकी वर्षं इथे राहून त्याचं जपानी कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानातल्या, काउंटरपलीकडे गेलेलं नाही. पिशवी हवी का, डबा गरम करू का, एवढं कळतं. मी फोनवर त्याला ते दोन्ही उमेदवार लागोपाठ ऐकवले.

“काय कळलं?”

“काही नाही.”

“तरी यातल्या कुणाला मत देशील?”

“पहिलीला,” तो पटकन म्हणाला. “कामाची वाटतेय. दुसरा नको बाबा, तो आत्ताच दमलाय.”

“अरे, तुला एक शब्द तरी कळला का?”

“शब्द कशाला कळायला हवेत?”

एकही शब्द कळला नव्हता, आणि भेंडी चिरता चिरता माणसाचं मत पक्कं झालं होतं. ते मत मी तयार केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ऑफिस गाठलं. मिझुनो-सान माझ्याही आधी येऊन बसले होते.

“भाव बंद करते,” मी म्हटलं. “सगळ्या उमेदवारांचे. एकच पट्टी, एकच वेग. सगळं परत काढावं लागेल.”

“आणि त्या दहा शहरांना काय दाखवायचं? रेल्वेची उद्घोषणा?”

“हो.”

त्यांनी परत हवा ओढली. मग कोट काढून खुर्चीवर टाकला आणि म्हणाले, “सीडी कॉपी करायचं मशीन मी चालवतो.”

दोन वर्षांची मेहनत मी स्वतःच्या हाताने बंद केली. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. नवा आवाज ऐकला तर अगदी सपक, मीठ न घातलेल्या वरणासारखा. मुलं, बागा, गटारं, कर्ज, सगळं एकाच तोंडाने.

ओनुकी-सान आल्या. वेळ थोडा, उमेदवार ढीगभर. हे कसं जमणार, असं मी विचारते आहे तोवर त्यांनी प्लेअरचा वेग वाढवला, मग आणखी वाढवला. माझ्या कानाला ती नुसती गुरगुर होती. त्या मान खाली घालून ऐकत होत्या. मध्येच थांबवायच्या. “इथे आडनाव चुकलं, दुसऱ्या प्रकारे वाचायचं.” जपानीत लिहिलेलं एकच आडनाव दोन-तीन तऱ्हांनी वाचता येतं. परत सुरू. एकही उमेदवार सोडला नाही. तो आढ्यतेखोर आला तेव्हा तर त्यांनी वेग कमी केला आणि त्याचं दोनदा ऐकलं. मी थक्क होऊन बघत राहिले. ज्याला नाकारायचं, त्याच्यासाठी एवढं कोण करतं हो? मी तर व्हॉट्सअ‍ॅपवर न पटणारा मेसेज पूर्ण वाचत नाही.

शेवटी त्यांनी हेडफोन काढला. “आता ठीक आहे. आता सगळे सारखेच कंटाळवाणे आहेत.”

सीडींची पाकिटं वेळेत गेली.

रविवारी मी त्यांच्याबरोबर, मतदान होतं त्या शाळेच्या फाटकापर्यंत गेले. मला इथे मत नाही, म्हणून बाहेरच थांबले. आत त्या ब्रेलमध्ये टोचून उमेदवाराचं नाव लिहिणार होत्या. बाहेर आल्या तेव्हा बोटं चोळत होत्या. कुणाला दिलं ते मी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पण चेहरा असा होता की मला उगाचच त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटला.

निकालानंतर त्यांचा फोन आला. तो आढ्यतेखोर निवडून आला होता. इथे वॉर्ड नसतात, सगळ्या शहरातून जास्त मतांचे उमेदवार क्रमाने जागा भरतात; हा सगळ्यात शेवटच्या जागेवर, निसटता.

“अरे देवा,” मी म्हटलं. “आवाज होता तसाच ठेवला असता तर कदाचित पडला असता!”

“कदाचित.” त्या हसत होत्या. “पण आता तो काय काय कबूल करून बसलाय ते मला पाठ आहे. शाळेपुढचा पूल वर्षभरात दुरुस्त करणार म्हणालाय. नगरसेवकांच्या सभेत लोकांना मागे बसून ऐकता येतं. मी जाणार आहे. येता?”

“अहो, मला तर इथे मतसुद्धा नाही.”

“कान आहेत ना?”

सभेच्या दिवसासाठी मिझुनो-सानकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. कारण विचारलं, तर टेस्टिंग म्हणून सांगितलं. माझं ते भाव आणणारं फीचर आता मुलांच्या गोष्टी वाचतं आणि तिथे फार छान वाचतं. निवडणुकीच्या कामात ते बंद राहतं. दहापैकी तीन शहरांनी तो सपक आवाज घेतला.