मोठीमायच्या गाण्याची पहिली ओळ

माझा एक चुलतभाऊ पुण्यात म्युझिक प्रोड्यूसर आहे. म्हणजे नेमकं काय, ते त्यानं मला बरेचदा समजावून सांगितलं. मला एवढंच कळलं, की त्याला गाता येत नाही, वाजवता येत नाही, पण दुसऱ्यानं गायलेलं कापता छान येतं. मी साखरखेर्ड्यात कृषी केंद्र चालवतो आणि गुरुवारच्या भजनात पेटी वाजवतो. माझ्या पेटीला गावाबाहेर कुणी विचारत नाही. तरी सूर माझे मी काढतो.

गाणं आमच्या मोठीमायचं. मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न होतं, तेव्हा हळदीच्या दिवशी तिनं ते जोडलं. चाल रेडिओवर ऐकलेल्या सिनेमातल्या कुठल्याशा गाण्याची, शब्द तिचे स्वतःचे, विहिणीला उद्देशून:

इहीण माही चोरटी बाई, चोरून काय नेलं?
काळीज माह्यं नेलं तिनं, माह्यं लेकरू नेलं.

तेव्हापासून घराण्यातल्या प्रत्येक मुलीच्या हळदीला ते झालंच पाहिजे. नवरदेवाकडच्या बाया उष्टी हळद घेऊन आल्या, की मोठीमाय पहिली ओळ ठसक्यात फेकायची. आमच्याकडच्या बाया खिदळायच्या, तिकडच्या खोटं खोटं रागवायच्या. मग मोठीमाय थांबायची, मोठा श्वास घ्यायची आणि दुसरी ओळ एकदम खालच्या सुरात म्हणायची. हसणाऱ्या बायांचे पदर डोळ्यांना लागायचे. सारं गाणं त्या थांबण्यात होतं.

काही वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला हा भाऊ आला. मांडवात काळा गॉगल लावून फिरत होता. हळदीला त्यानं मोठीमायच्या तोंडाजवळ फोन धरला.

"मोठीमाय, पुन्हा एक डाव म्हन ना."

पुतण्या एवढ्या प्रेमानं म्हणतोय म्हटल्यावर तिनं पुन्हा म्हटलं. लग्न पार पडलं, तो पुण्याला गेला आणि आम्ही विसरलो.

पुढच्या उन्हाळ्यात एक गिऱ्हाईक दुकानात फवारणीचं औषध घ्यायला आलं. बाहेर त्याच्या पिकअपमध्ये गाणं चालू होतं. काउंटरवरच्या बाटल्या हादराव्यात असा दणदणाट, आणि त्यात मोठीमायचा आवाज! "चोरटी, चोर-चोर-चोरटी, इहीण माही चोरटी!" मी माप टाकून बाहेर गेलो आणि पिकअपजवळ उभा राहिलो. दुसरी ओळ येईल म्हणून शेवटपर्यंत थांबलो. ती आलीच नाही. तिचा तो श्वास मात्र त्यानं ठेवला होता. ढोल दणक्यात पडायच्या आधी, कुणाला धाप लागल्यासारखा, तो पुन्हा पुन्हा वाजत होता.

गिऱ्हाइकानं कौतुकानं मोबाइलवर त्याचं चित्रही दाखवलं. हाताची घडी घातलेला आमचा भाऊ, मागे आग लागलेली गाडी. खाली संगीत म्हणून त्याचं नाव आणि गीतापुढे एकच शब्द: पारंपरिक. ज्या बाईला पारंपरिक करून टाकलं होतं, ती त्या वेळी माझ्या घरामागच्या अंगणात तूर पाखडत बसली होती.

दिवाळीला तो आला. फराळाचं ताट पुढे असतानाच मी विषय काढला.

"दुसरी ओळ काऊन कापली बे?"

"दादा, ते स्लो आहे ना. लोकं नाचतीन कसे त्याच्यावर?"

"मंग पुरं गानंच सोडून द्यायचं."

"जुन्याचा तुकडा नव्यात घ्याचा, याले सॅम्पलिंग म्हनतात दादा. साऱ्या दुनियेत चालते." चकली मोडत त्यानं पुढे ऐकवलं, "आन् चाल तर मोठीमायनं बी सिनेमातूनच उचलली. तुमच्या भजनात काय चालते? मंग मीच चोर काऊन?"

हे मात्र मला लागलं, कारण खरं होतं. आमच्या भजनातल्या निम्म्या चाली सिनेमाच्या आहेत आणि विठ्ठलानं अजून तक्रार केलेली नाही. मी लाडू उचलला, तसा तो खूश झाला. त्यानं खिशातून छोटा स्पीकर काढला आणि मोठीमायला बोलावून गाणं ऐकवलं. तिनं हातातला झारा तसाच धरून ऐकलं.

"पुढचं कुठी गेलं?" तिनं विचारलं.

"मोठीमाय, फेमस झाली तू! पुण्यात पोट्टे नाचून राह्यले तुह्या आवाजावर."

"हाव, पन पुढचं कुठी गेलं?"

तो हसला आणि आवाज वाढवला.

त्याच्या 'मीच चोर काऊन'चं उत्तर मला नंतर सुचलं, दुकानात बसल्या बसल्या. नव्या गाण्यात जुनं गाणं घ्यावं का? घ्यावं, खुशाल घ्यावं. मोठीमायनं चाल घेतली ती लेक चालली म्हणून. गळ्याशी आलेलं तिला बाहेर काढायचं होतं आणि त्यासाठी जी चाल हाताशी लागली ती तिनं धरली. यानं तिचा गळाच उचलला आणि तिला जे म्हणायचं होतं तेवढंच नेमकं कापून फेकलं. घेणाऱ्याजवळ स्वतःचं काहीतरी सांगायला असावं लागतं. याच्याजवळ गॉगल होता.

दिवाळीनंतरच्या लग्नसराईत बीबी गावी आमच्या नात्यातल्या एका मुलीचं लग्न होतं. मोठीमाय आणि मी गेलो होतो. वऱ्हाडाची गाडी मांडवासमोर थांबली, नवरदेवाची आई दार उघडून उतरायला लागली आणि डीजेवाल्यानं नेमकं तेच गाणं लावलं. पोरं नाचायला लागली. दोघा-तिघांनी तर "चोरटी, चोरटी" म्हणत तिच्याकडेच बोटं केली. त्या बाईनं पाय आत घेतला, दार लावलं आणि काच वर केली.

नवरदेवाचा मामा डीजेवर धावून गेला. "आमच्या बहिणीले चोर म्हन्ता? लग्नाले आलो का बेइज्जती करून घ्यायले?"

"ट्रेंडिंग आहे काका," डीजेवाला म्हणाला. त्याला खरंच कळत नव्हतं, काय बिघडलं ते.

मुलीचा बाप हात जोडून गाडीभोवती फिरत होता. काच काही खाली येत नव्हती. मोठीमाय गर्दीतून पुढे गेली आणि काचेवर बोटानं टकटक केलं. काच जराशी खाली आली.

"इहीणबाई, ते गानं माह्यं आहे. मेल्यानं अर्धंच वाजवलं. पुरं आइका आन् मंग रागवा."

आणि भर उन्हात, गाडीच्या दाराला हात लावून, ती गायली. आवाज आता कापतो तिचा. पहिली ओळ झाली, ती थांबली, श्वास घेतला आणि दुसरी ओळ म्हटली. आतली बाई ऐकत राहिली. मग दार उघडून खाली उतरली.

"असं आहे होय," ती म्हणाली. "मले बी पोरगी आहे, बाई."

एवढंच बोलून ती मांडवात गेली. लग्न लागलं.

कुणीतरी ते सारं मोबाइलवर घेतलं होतं. आठवडा उलटायच्या आत भावानं तो व्हिडिओ मिळवला, खाली तोच दणदणाट भरला आणि 'ओरिजिनल आजी व्हर्जन' म्हणून सोडला. दुसरी ओळ आता त्यात होती, पण ढोलाखाली अशी दबलेली की शब्द लागत नाहीत. मामाचं "चोर म्हन्ता" मात्र स्वच्छ ऐकू येतं. ते त्यानं चार वेळा वाजवलंय.

मोठीमायनं ते गाणं सोडलं. यंदा घरातल्या एका हळदीला बाया मागे लागल्या, "मोठीमाय, चोरटी म्हना ना!" बघितलं तर हरेकीच्या हातात मोबाइल.

"ते आता डीजेचं झालं," ती म्हणाली. "त्यालेच सांगा."

बायांनी दुसरी गाणी म्हटली. ती टाळ्या वाजवत बसली.

गेल्या महिन्यात भावाचा फोन आला. त्याला आमच्या भजनाचं रेकॉर्डिंग पाहिजे होतं. "दादा, फक्त कच्चा माल द्या, बाकी मी पाहतो." मी म्हटलं, आमची मंडळी बेसूर आहे, तुझ्या कामाची नाही. तो म्हणाला, बेसूर असलं तरी चालेल, ते मशीनवर सरळ करता येतं. समोर गिऱ्हाईक उभं होतं. मी फोन ठेवला आणि त्याला सोयाबीनच्या बियाण्याची पिशवी काढून दिली.