हॅनोला भेटायला लंडनला

लंडनला जाऊन आलो म्हटलं की वसईचे नातेवाईक लगेच राजवाड्याचे फोटो मागतात. आमचं लंडन कॅनडातल्या ऑंटारिओतलं. आम्ही राहतो त्या ओकव्हिलहून गाडीने साधारण दोन तास, आणि राजवाडा नाही.

आमची रिया तिथल्या युनिव्हर्सिटीत इतिहास शिकते. तिच्या वर्गाने प्राचीन कार्थेजची राज्यसभा उभी केली होती आणि रोमशी युद्ध नको म्हणणाऱ्या हॅनोचं काम तिच्या वाट्याला आलं होतं. मला खरं तर फुरसत नव्हती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, आमच्या मराठी मंडळाची मीटिंग होती आणि तिथे मी कंबर कसून ठराव मांडणार होते: मंडळातून फुटलेल्यांचा ख्रिसमस कार्यक्रम ज्या दिवशी, त्याच दिवशी आपलाही ठेवायचा. फुटलेल्यांत माझी थोरली बहीण फिलूताई आहे. वर्षभर आमचा अबोला आहे.

४०३ हायवेने हॅमिल्टन, ब्रँटफर्ड, मग वुडस्टॉकला ४०१. नोव्हेंबर सरताना जाणार असाल तर विंटर टायर्स लावूनच निघा. वुडस्टॉकनंतर बर्फाचा असा मारा झाला की पुढचा ट्रक दिसेना. माझा नवरा अँटन शांतपणे गाडी हाकत होता, मी भाषण घोकत होते. घरून भाकरी आणि बोंबलाची चटणी नेली होती. गाडीत वास राहतो, पण हायवेवरच्या सँडविचपेक्षा स्वस्त आणि कितीतरी चवदार.

सभेत कार्थेजचा सेनापती हॅनिबल याच्या माणसाने मेलेल्या रोमन सरदारांच्या अंगठ्या जमिनीवर ओतल्या. टाळ्यांचा कडकडाट झाला, मीही वाजवल्या. मग रिया उठली आणि तिने एवढंच विचारलं, की इतका विजय झालाय, तर रोमहून कोणी तह मागायला आलंय का? कोणी आलं नव्हतं. तरी मतदानात ती सपाटून हरली.

नंतर डाउनटाउनला लेबनीज हॉटेलात शवर्मा खाल्ला. तिघांचं पोट भरतं आणि खिशाला झेपतं. कार्थेज मुळात लेबनॉनकडच्याच लोकांनी वसवलं, हे रियाने सांगितलं. मी तिची पाठ थोपटली, हॅनोचंच खरं होतं, शेवटी कार्थेज बुडालंच, म्हटलं. ती हसली.

"पण ममा, यू आर ऑन द अदर साइड."

परतताना मी आमचे विजय आठवू लागले. हॉल आमच्याकडे, गायकवृंद आमच्याकडे, निम्म्याहून जास्त कुटुंबं आमच्याकडे. फिलूताईचा फोन मात्र एकदाही आला नव्हता. मला रडू आलं.

रविवारी ठराव दुसऱ्या कोणीतरी मांडला. विरोधात एकच हात वर होता, माझा. सगळे बघत राहिले, बघू देत. मी हात खाली घेतला नाही. ठराव पास झाला.

घरी येऊन मी फोन लावला. आमच्याकडे ख्रिसमसचे फुगे, म्हणजे तळलेले गोल पाव, एकटीने होत नाहीत. एकीने मुठीतून पीठ पिळून तेलात सोडायचं, दुसरीने तळायचे. गेल्या वर्षी मी हट्टाने एकटीने केले होते.

"फिलूताई, फुग्यांचं पीठ किती भिजवू?"



"नेहमीएवढंच," ती म्हणाली. "तळायला मी येते. लास्ट इयर तुझे आतून कच्चे होते म्हणे."