मंगळवारी निघालेली बॅग

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या, कारण एकदा सांगायला लागलो की मला मध्ये थांबवत नाही. तीस वर्षं शाळेच्या ऑफिसात हेडक्लार्क होतो मी. चिखलीत कुणाचा कसलाही फॉर्म अडला की लोक माझं दार वाजवायचे. आणि त्याच मी एक फॉर्म असा भरला, की सरकार मला समुद्रापार शोधत होतं आणि मी घरी मीठ लावून पेरू खात होतो!

झालं काय, आमचं बालीला जायचं ठरलं. होय, इंडोनेशियातलं बाली! आमची सुलभा, लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण विमान पाहिलं ते गच्चीवर पापड वाळत घालताना. "एकदा तरी विमानात बसवा हो," हे ऐकून ऐकून शेवटी मी तिकिटं काढली. रविवारी सकाळी चिखली सोडायची, रात्री मुंबईहून उड्डाण. बाईचे पाय जमिनीवर ठरेनात. आणि मी? पासपोर्ट दिवसातून चारदा उघडून स्वतःचाच फोटो बघत होतो.

सहलवाल्यांच्या कागदात एक ओळ होती: परदेशी जाताना सरकारच्या वेबसाइटवर नोंदणी करा, म्हणजे तिकडं काही संकट आलं तर आपली वकिलात तुमची चौकशी करील. मला गुदगुल्याच झाल्या! ज्या सरकारच्या पत्रांना मी जन्मभर उत्तरं लिहिली, ते आता माझी चौकशी करणार!

एवढ्यात शेजारचे मुरलीधर अप्पा आले. वय पंच्याहत्तर, पंचांग पाठ.

"बापू, रविवारी ममईले जाऊन राह्यला? पश्चिमेले दिशाशूल हाय ना बे त्या दिवशी!"

"आता काय करू अप्पा? तिकिटं निघाली."

"मंग प्रस्थान ठेव. मंगळवार चोख हाय."

प्रस्थान माहीत आहे ना? निघायचा दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी आपली एखादी पिशवी शेजाऱ्याकडे नेऊन ठेवायची. पिशवी निघाली म्हणजे माणूस निघाला. मग स्वतः सवडीनं निघा, दोष लागत नाही. किती सोयीचं शास्त्र!

"पण बॅगेत आपला जीव असलेली वस्तू पाह्यजे," अप्पांनी बजावलं.

पूर्वी लोक जानवं ठेवायचे, सुपारी ठेवायचे. माझा जीव कशात? नव्या फोनमध्ये! सुलभाचा? तिच्या फोनमध्ये. प्रस्थान जोडीनं ठेवायचं म्हणून दोन्ही फोन बॅगेत जाणार असं ठरलं.

त्याआधी मंगळवारी सकाळी मी फॉर्म उघडला. दोघांची नावं, पासपोर्ट, हॉटेल, सगळं चोख. संकटकाळी संपर्क? माझा साळा विनायक, खामगावला सरकी-ढेपेचं दुकान. मग आली ओळ: निघण्याची तारीख.

आता तुम्हीच सांगा, काय लिहायचं मी? शास्त्रानं मी मंगळवारी निघत होतो. सरकारी कागदावर खोटं लिहू? मी ठणकावून मंगळवार लिहिला, पोचायचा दिवस बुधवार. बॅगेला हार घातला, फोटो काढला, नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला: "निघालो! आता बालीहून भेटू." दोन्ही फोन बॅगेत घातले आणि बॅग अप्पांच्या देवघरात नेऊन ठेवली. काय हलकं वाटलं म्हणून सांगू!

गुरुवारी सकाळी अप्पा कुंपणावरून ओरडले, "बापू, तुही बॅग लय वाजून राह्यली!"

"लोक शुभेच्छा देत असतील. फोन आणता का जरा इकडं?"

"खुळा झाला काय? प्रस्थान परत घरात आलं त प्रवास मोडला!"

"मग वाजू द्या."

वाजू द्या म्हणालो हो मी! स्वतःच्या तोंडानं!

दुपारी मी ओट्यावर पेरू चिरत बसलो होतो. दारात जीप थांबली. विनायक उतरला, मागून त्याची बायको नंदा, तिच्या मागून आणखी सहा जण, सगळ्यांचे डोळे लाल. विनायकाच्या हातात आमच्या घराची जादा किल्ली होती. त्यानं मला पाहिलं आणि किल्ली खाली पडली. नंदानं तर अशी किंकाळी फोडली की गल्लीतली कुत्री पळाली.

"भाऊजी! तुमी... तुमी इथं?"

"मग कुठं असू? पेरू खा."

"पेरू? अहो, तिथं ज्वालामुखी धूर ओकून राह्यला! वकिलातीतून फोन आला मले. तुमचे बहीण-मेहुणे हॉटेलात पोचलेच नाहीत म्हनतात, फोन उचलत नाहीत म्हनतात! कागदपत्रं न्याले आलो आमी! नंदानं कालपासून अन्न नाही घेतलं तोंडात!"

माझ्या हातातली फोड तशीच राहिली. सुलभा आतून पीठभरल्या हातांनी धावत आली. मी सगळं सांगितलं: दिशाशूल, प्रस्थान, फॉर्म. ऐकता ऐकता विनायकाचा रडवेला चेहरा लालबुंद झाला.

"म्हंजे सरकारनं दोन दिवस एका बॅगेपायी फोन केले?"

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तेच वकिलातीतले साहेब! विनायकानं तो माझ्या हातात कोंबला. नशिबानं माणूस मराठी निघाला.

"काका, तुम्ही सुखरूप आहात ना? कुठे आहात?"

"चिखलीत."

"हे बालीत कुठे येतं?"

"बुलढाणा जिल्ह्यात साहेब."

मग मी तीस वर्षांच्या अनुभवानं, मुद्देसूद, प्रस्थान समजावून सांगितलं. साहेब शेवटपर्यंत ऐकत राहिले, एकदाही हसले नाहीत. फार मोठा माणूस! म्हणाले, धूर आता ओसरलाय, सहली सुरू आहेत, तुम्ही फक्त नोंद दुरुस्त करा.

पण इकडे विनायक पेटला होता. "काही जाऊ नोका आता! तिकिटं रद्द करा!" नंदा म्हणाली, "हाव, जीव जास्त झाला काय?" सहाच्या सहा जणांनी माना डोलावल्या. माझी तर मान वर करायची सोय नव्हती. मीही पुटपुटलो, "बरं, पुढच्या वर्षी बघू."

पुढच्या वर्षी! चौतीस वर्षं सुलभा हेच ऐकत आली होती. तिनं पदराला हात पुसले, माझ्या हातातून फोन घेतला; साहेब अजून लाइनवरच होते.

"साहेब, मी यायची बायको बोलून राह्यली. माह्यी नोंद रविवारची करा. मी जाऊन राह्यली."

"बरं ताई. आणि काकांची?"

तिनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"त्यायची नोका करू. ते मंगळवारीच निघून गेले."