कन्नड पानावरची माझी सही

आमच्या संघाची मी सचिव झाले ती हुशारीमुळे नव्हे, मातृभाषेमुळे. पुण्यात निरनिराळ्या समाजांची, निरनिराळ्या भाषांतली जी छोटी नियतकालिकं निघतात, त्यांच्या संपादकांचा हा संघ. कुणाचं गुजराती साप्ताहिक, कुणाचं सिंधी पाक्षिक, एक मल्याळी, एक तेलुगू, एक उर्दू, एक कन्नड. मी स्वतः विदर्भातून येऊन वाघोलीकडे राहिलेल्या लोकांसाठी आठ पानांचं मासिक काढते, आणि ते अर्थातच मराठीत. ‘महाराष्ट्रात राहून मराठी असून अल्पसंख्याक झालेली बाई पहिल्यांदाच पाहिली,’ असं गुजराती साप्ताहिकवाले काका पहिल्या भेटीतच म्हणाले होते. पण सरकारी कचेऱ्यांना पत्रं मराठीत जातात, आणि बाकीच्यांना मराठी उत्तम बोलता येत असली तरी अर्ज लिहायचा म्हटलं की घाम फुटायचा. ‘ताई, भाषा आपली, तेव्हा काम आपलं,’ असं म्हणून अध्यक्षांनी संघाच्या पत्रव्यवहाराची वही माझ्याकडे सरकवली. ती पुढे कुणी परत घेतली नाही.

अध्यक्ष म्हणजे कन्नड पाक्षिकाचे संपादक. सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मीही म्हणायचे. हडपसरला त्यांचा छापखाना होता आणि त्याच्या मागच्या खोलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी आमची बैठक भरायची. बैठकीची एक रीत होती. प्रत्येकानं आपल्या नव्या अंकाचा गठ्ठा आणायचा आणि प्रत्येकाला एकेक प्रत द्यायची. आपला आणि माझा मराठी अंक सोडून दुसऱ्या कुणाचा अंक आमच्यातल्या कुणालाच वाचता येत नसे. तरी आम्ही तो मान देऊन उघडायचो, फोटो बघायचो, ‘या वेळी छपाई स्वच्छ आलीय हं,’ असं म्हणायचो आणि घडी घालून पिशवीत ठेवायचो. मला ही रीत फार आवडायची. ज्याचं एक अक्षर कळत नाही त्याचंही कौतुक करणारी माणसं या शहरात आहेत, असं मी चारचौघांत कौतुकानं सांगत असे. आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

काम तसं किरकोळ होतं, पण खरं होतं. पाणी बंद राहणार असल्याची सूचना, लसीकरणाचं पत्रक, रेशनच्या नियमातला बदल, असं जे जे मराठीत भिंतीवर चिकटवलं जातं ते आमच्या वाचकांना त्यांच्या भाषेत मिळावं म्हणून आम्ही पत्रं लिहायचो, खेटे घालायचो. कुणी दाद दिली नाही की मग आम्हीच निवेदन काढायचो. ते मी मराठीत लिहायचं, प्रत्येकानं आपल्या भाषेत उतरवायचं आणि एकाच आठवड्यात सगळ्यांनी छापायचं. खाली दोन सह्या असायच्या, अध्यक्षांची आणि सचिवाची. दर वेळी सहीसाठी कोण वाघोलीपर्यंत येणार? म्हणून मी माझी सही एकदाच कागदावर करून तिचा फोटो सगळ्यांना पाठवून दिला होता. म्हणजे ज्या भाषा मला वाचता येत नाहीत त्या सगळ्या भाषांत माझी सही छापली जात होती. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. फोनवर भाषांतर करून बघायची सोय होती की. पण आपल्या माणसाचं लिखाण कुणी फोनपुढे धरून तपासतं का?

आणि अण्णा आपलेच होते. माझे यजमान तीन आठवडे दवाखान्यात होते तेव्हा माझं मासिक त्या महिन्यात निघणार नाही असं मी गृहीत धरलं होतं. अण्णांनी मला न विचारता घरून मजकूर नेला, मुद्रितं तपासून घेतली आणि अंक वेळेवर काढला. प्रती घेऊन दवाखान्यात आले आणि म्हणाले, ‘ताई, फक्त एक जोडाक्षर चुकलंय, माफ करा.’ त्या दिवसापासून मी त्या माणसाबद्दल वेगळा विचार केलाच नाही.

मग येरवड्याच्या वस्तीचा विषय आला. ही कन्नड बोलणाऱ्या मजुरांची जुनी वस्ती. बांधकामावर आलेली माणसं तिथंच राहिली, पोरंबाळं तिथंच वाढली. वस्ती पाडून इमारती बांधायच्या अशी एका बिल्डरची योजना होती आणि त्यासाठी तो घरोघर संमतीपत्रं भरून घेत होता. संमती दिली की जागा रिकामी करावी लागणार होती. पात्र लोकांच्या यादीत ज्याचं नाव असेल त्याला नवं घर मिळणार होतं, ज्याचं नसेल त्याला काहीच नाही. यादी मराठीत लावलेली होती. वस्तीतली मोठी माणसं मराठी बोलायची, पण वाचायची फक्त कन्नड, गावच्या शाळेत शिकलेली तेवढीच. आम्ही बैठकीत ठरवलं की निवेदन काढायचं. आधी यादीत आपलं नाव पाहा, नसेल तर हरकत नोंदवा, आणि तोवर संमतीपत्रावर सही करू नका, इतकंच सांगायचं होतं.

मी चार वेळा लिहिलं आणि फाडलं. एकही अवघड शब्द राहू नये असा माझा हट्ट होता. अण्णांनी बैठकीत ते मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, ‘असं लिहायला पोटात माया लागते.’ मी लाजले. खोटं कशाला सांगू, घरी जाऊन यजमानांनाही सांगितलं.

अंक निघाला त्या दिवशी अण्णांबरोबर मीही वस्तीत गेले. नळापाशी बायका जमल्या होत्या. त्यातली एक पन्नाशीची बाई, गवंड्याच्या हाताखाली आयुष्य काढलेली, सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची. तिला सगळे अक्का म्हणायचे. तिनं कट्ट्यावर बसून आमचं निवेदन सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचलं. मी शेजारी उभी होते आणि अगदी खूश होते. माझे शब्द दुसऱ्या भाषेत कसे ऐकू येतात ते मी ऐकत होते. वाचून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं.

‘ताई, हे खरंच हाय का? तुमी लिवलंय?’

‘शब्द न् शब्द खरा आहे,’ मी म्हणाले. ‘खाली माझी सही आहे बघा.’

तिनं सहीवर बोट ठेवलं आणि मान हलवली. अण्णा तेव्हा पलीकडे कुणाशी तरी बोलत होते.

पावसाळा संपल्यावर वस्तीत काय झालं ते बघायला मी एकटीच गेले. निम्मी वस्ती गेली होती. नळाच्या बाजूची ओळ तर पूर्ण पाडलेली होती. उरलेल्या घरांतल्या बायका मला ओळखत होत्या, पण बोलेनात. एकीनं दार लावून घेतलं. अक्का मला मोकळ्या जागेच्या कडेला सापडली, बहिणीच्या घराच्या पायरीवर. तिचं नाव यादीत नव्हतं. तिनं सही केली होती, घर रिकामं करून दिलं होतं, आणि आता बिल्डरच्या कचेरीत तिला कुणी दारात उभं करत नव्हतं.

‘सही का केलीत?’ मी जवळजवळ ओरडलेच. ‘करू नका म्हणून लिहिलं होतं ना!’

मग ती आत गेली आणि कपड्यांच्या गाठोड्यातून तो अंक काढून आणला. ‘तुमीच लिवलंय की, सही करा म्हनून,’ ती म्हणाली. ‘मी इचारलं पन होतं तुमाला.’

तो अंक घेऊन मी घरी आले आणि आमच्याच इमारतीत राहणाऱ्या, धारवाडहून आयटीत नोकरीला आलेल्या मुलीचं दार वाजवलं. ती लॅपटॉप बाजूला ठेवून वाचू लागली. पहिला परिच्छेद माझाच होता, अगदी ओळीला ओळ. मग ती थांबली. ‘आंटी, आर यू शुअर हे तुमचं आहे?’ तिनं विचारलं. पुढे लिहिलं होतं की संमतीपत्रावर ताबडतोब सही करा, यादीची काळजी करू नका, कुणीही बेघर होणार नाही याची संघाने स्वतः खात्री केली आहे. त्याखाली माझी सही होती. तिच्याकडून मी ते तीनदा वाचून घेतलं. ती बिचारी तिसऱ्यांदा हळू आवाजात वाचत होती, जणू चूक तिचीच होती.

दुसऱ्या दिवशी मी हडपसरला गेले. अण्णा नाकारतील, निदान चूक झाली म्हणतील, अशी मला आशा होती. त्यांनी तेवढीही दया दाखवली नाही. खुर्ची पुढे केली, चहा मागवला आणि शांतपणे म्हणाले, ‘ताई, त्या इमारतीत तळमजल्यावर आमच्या समाजासाठी सभागृह आणि वाचनालय मिळतंय. तीस वर्षं मागतोय आम्ही. त्या लोकांना आज ना उद्या कुठेतरी घर मिळेल. हे पुन्हा मिळणार नव्हतं.’

‘ते तुमचेच लोक आहेत, अण्णा.’

‘माझेच आहेत. म्हणून तर.’

‘मग फक्त तुमच्या सहीनं छापायचं होतं.’

त्यांनी चहाचा कप माझ्यापुढे सरकवला. ‘माझ्या एकट्याच्या सहीवर त्यांनी प्रश्न विचारले असते,’ ते म्हणाले. ‘यात अण्णांचं काय, असं विचारलं असतं. आपलं यात काहीच नाही हे त्यांना ठाऊक होतं. आपण तिथं उभ्या होतात, सही आपली होती, म्हणून त्यांनी विश्वास ठेवला.’ आपण, आपली. शेवटपर्यंत एक अहो-जाहो चुकलं नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. दवाखान्यात एका जोडाक्षराची माफी मागणारा माणूस खरा होता की हा, हे मला अजून सांगता येत नाही. दोन्ही तोच होता, असंच म्हणायचं.

मी पहिल्या रविवारच्या बैठकीत सगळं मांडलं. धारवाडच्या मुलीनं लिहून दिलेलं भाषांतर टेबलावर ठेवलं. मग सिंधी पाक्षिकवाले म्हणाले, बाहेर गेलं तर सगळ्याच भाषांची बदनामी होईल. मल्याळी मासिकाच्या बाई म्हणाल्या, अण्णांनी संघासाठी किती केलंय. आणि पहिल्या दिवसापासून माझी थट्टा करणारे, माझ्या मुलीच्या लग्नात पंगतीत वाढायला उभे राहिलेले गुजराती काका चष्मा पुसत म्हणाले, ‘बेन, आम्हाला कुठे कन्नड येतं? कोण खरं ते आम्ही कसं ठरवणार?’ इतकी वर्षं ज्या अंकाची छपाई स्वच्छ आली म्हणून सगळे वाखाणत होते, तो आज कुणालाच वाचता येत नव्हता. त्या दिवशी मला अण्णांपेक्षा या सगळ्यांचा जास्त राग आला, आणि तो गेलेला नाही. वही टेबलावर ठेवून मी उठले. कुणी थांबवलं नाही.

वस्तीत अजून काही घरं उभी होती आणि तिथं संमतीपत्रं भरून घेणं चालूच होतं. माझ्या मासिकात खुलासा छापून उपयोग नव्हता, ते तिथं कोण वाचणार? म्हणून मी धारवाडच्या मुलीला सांगून एका पानाचं पत्रक कन्नडमध्ये लिहून घेतलं. आधीचं निवेदन खोटं होतं, मी न वाचता सही दिली, सही करू नका, ज्यांनी केली त्यांनी फसवणूक झाल्याची तक्रार करावी, मी साक्ष द्यायला येईन. खाली या वेळी पेनानं, खरी सही केली. झेरॉक्स काढल्या आणि रिक्षानं येरवड्याला गेले.

अक्का त्याच पायरीवर होती. दोन-तीन बायका जवळ आल्या. मी तिच्या हातात पत्रक दिलं आणि सांगितलं, माझी चूक झाली, यात सगळं खरं लिहिलंय. तिनं कागदाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं.

‘हे तरी तुमाला वाचता येतंय का?’

‘नाही,’ मी म्हणाले. ‘माझ्या ओळखीच्या मुलीनं लिहून दिलंय. चांगली मुलगी आहे ती.’

‘मग परत सही कशाला केली?’

ती रागानं म्हणाली असती तर सोपं गेलं असतं. ती खरोखर विचारत होती. मग बायकांनी कागद मध्ये धरला, एकमेकींना थांबवत, एकेका ओळीवर बोट ठेवत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि पुन्हा एकदा वाचला. मी उन्हात उभी होते. वाचून होईपर्यंत मला कुणी बसा म्हणालं नाही. वाचून झाल्यावरही म्हणालं नाही.