हंड्याचं पाणी

इंदूबाईच्या स्वच्छतेला नावं ठेवणारा माणूस कडाव गावात अजून जन्माला यायचा होता. लग्नकार्य कुणाचंही असो, पिण्याच्या पाण्याची पिंपं तिच्याच ताब्यात. गावाबाहेरच्या एका बंगल्यात ती अकरा वर्षं कामाला होती. मालकीण सुप्रियाताई आणि त्यांचा मुलगा ऋषिकेश मुंबईला राहायचे, शनिवारी यायचे आणि रविवारी संध्याकाळी परत जायचे. मधले दिवस घर, फ्रीज, देव, किल्ल्या, सगळं इंदूबाईकडे. "इंदू, घर तुझ्यावर टाकून जाते गं," असं ताई दर रविवारी म्हणायच्या आणि तेवढ्या एका वाक्यावर ही बाई पुढचा आठवडा राबायची. खुळीच म्हणायची, दुसरं काय.

स्वयंपाकघरातला तांब्याचा हंडाही तिचाच, आईनं लग्नात दिलेला. पहिल्याच वर्षी ताईंनी त्यातलं पाणी चाखलं आणि हंडा तिथंच राहिला. एक दिवसाआड ती तो चिंचेनं घासायची, असा लख्ख की तोंड दिसावं. तांब्याचं पाणी प्रकृतीला चांगलं म्हणून रविवारी सहा बाटल्या भरून गाडीत जायच्या. इंदूच्या हंड्याचं पाणी म्हणजे औषध, असं ताई मैत्रिणींना सांगायच्या, आणि इंदूबाई तोंडाला पदर लावून मोरीकडे पळायची.

गेल्या दिवाळीनंतर ऋषिकेशच्या डोक्यात समुद्र शिरला. तीन फुटी काचेची टाकी आली. मागोमाग थर्माकोलच्या खोक्यातून, ओल्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेले दगड आले. त्यांना सुकटीच्या टोपलीसारखा वास. इंदूबाईनं सवयीनं घासणी उचलली, तर ऋषिकेश धावतच आला. "मावशी, हात नका लावू, ते जिवंत आहेत." त्यानं समजावलं, की या दगडांच्या भोकाभोकांत बारीक बारीक जीव राहतात आणि तेच टाकीतलं पाणी साफ ठेवतात. म्हणजे दगडच इथली मोलकरीण, असं मनाशी म्हणून इंदूबाई हसली.

ऋषिकेशनं पाण्यात समुद्राचं मीठ कालवलं, खारटपणा मोजला, दगड रचले आणि वर निळापांढरा दिवा टांगला. दिवा वेळेवर आपला आपण लागायचा, आपला आपण विझायचा. मग महिनाभर टाकीत नुसते दगड. टाकी मुरू द्यावी लागते म्हणे, लोणच्यासारखी. ते मात्र इंदूबाईला लगेच पटलं. एके दिवशी दगडाच्या भोकातून कुठल्याशा जिवाचा पिसासारखा तुरा बाहेर आला आणि तिची सावली पडताच आत गेला. ती कामं टाकून तासभर तिथंच बसली.

पुढं गोगलगायी आल्या, दोन नारिंगी मासे आले आणि एक लाल पट्ट्यांची, लांब पांढऱ्या मिशांची कोळंबी आली. कोळंबी तिला आजवर कालवणापुरतीच ठाऊक. पण या मिशाळ प्राण्याचं नाव तिनं 'पाटील' ठेवलं. एकदा आतून काच पुसायला तिनं हात घातला, तर पाटील डौलात आला, बोटावर चढला आणि तिच्या नखांच्या कडा कोरून साफ करायला लागला. जन्मभर लोकांची घरं धुतलेला हात तो. त्याची साफसफाई कुणी करील असं तिच्या स्वप्नातही नव्हतं. तिला रडूच आलं. त्या दिवसापासून दुपारचा चहा पाटलाजवळ.

ऋषिकेशनं काचेवर खूण करून दिली होती. पाणी उडून खूण उघडी पडली, की त्यानं आणून ठेवलेल्या कॅनमधलं शुद्ध पाणी तेवढंच घालायचं, मिठाचं नाही, कारण मीठ काही उडून जात नाही. इंदूबाईला हे एका दमात कळलं. मग एप्रिल तापला. पाणी भराभर उडायला लागलं, कॅन संपले, आणि उन्हाला कंटाळून मायलेक तीन शनिवार आलेच नाहीत. तिनं फोन केला. ऋषिकेश कामात होता. "नळाचं नका घालू मावशी, शुद्ध पाणी घाला," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

घरातलं सगळ्यांत शुद्ध पाणी कोणतं, हे इंदूबाईला कुणाला विचारायची गरज नव्हती. तिनं हंडा चिंचेनं घासला, नळाचं नको म्हणून विहिरीचं पाणी गाळून भरलं, रात्रभर ठेवलं आणि सकाळी देवाला घालावं तसं टाकीत घातलं.

आधी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग तुरा बाहेर येईना. आपलंच पाणी शुद्धतेला कमी पडत असेल, असं त्या माउलीला वाटलं आणि ती हंडा रोज घासायला लागली. फोनवर ऋषिकेश म्हणाला, सुरुवातीला होतं असं. गुरुवारी पाटील आडवा झाला. तिनं बोट पुढं केलं, पण तो आला नाही.

शनिवारी ऋषिकेशनं काचेच्या नळीत टाकीतलं पाणी घेऊन तपासणीच्या औषधाचे थेंब टाकले. रंग बदलला. "तांबं," तो म्हणाला, आणि तिघांचे डोळे हंड्याकडे वळले. माणसाला, माशाला चालणारं तांबं कोळंबी-गोगलगायींना थेंबभरही सोसत नाही. दगडांनी तर ते पिऊनच घेतलं होतं, आता ते कायमचे वाया.

"अकरा वर्षं घर तुझ्यावर टाकलं," सुप्रियाताई म्हणाल्या, "आणि तू विष घातलंस त्यात."

इंदूबाईनं ऋषिकेशकडं पाहिलं. शुद्ध पाणी घाला असं मीच सांगितलं होतं, एवढंच त्यानं म्हणायचं होतं. तो नळी धूत राहिला. एवढा शिकलेला पोरगा, जीभ झडली होती काय त्याची! ताईंनी हात पुढं केला आणि तिनं किल्ल्या त्यावर ठेवल्या. सोमवारपासून घरात कर्जतची बाई येईल, तू अंगण आणि बाग बघ, असं ठरलंसुद्धा.

रविवारी संध्याकाळी गाडी भरताना ताईंनी नेहमीच्या सवयीनं सहा रिकाम्या बाटल्या तिच्यापुढं ठेवल्या आणि भरायला सांगितल्या. इंदूबाईनं हंडा उचलला आणि मोरीत उपडा केला.

"विष हाय त्यात, ताई. तुमीच म्हनालात."

रिकामा हंडा कमरेवर घेऊन ती बाहेर पडली. कुंपणाशी ते दगड फेकले होते आणि त्यांना मुंग्या लागल्या होत्या.

शेजारच्या जिजानं ही गोष्ट गावभर केली. चांगली जिरवलीस, असं अजून लोक म्हणतात आणि ती ऐकून घेते. पाटील तिच्याच हातानं मेला, हे मात्र कुणी म्हणत नाही, आणि तिला तेवढंच आठवतं. हंडा फळीवर काळा पडलाय. चिंच लावायला तिचा हात उचलत नाही.