माठाखालचं यंत्र

आचऱ्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेले बांगडे उलटणारी ती बाई पदराचं टोक दातांत धरूनच बोलायची. कामावरच्या बायकांना दिवसभरात किती उष्णता सोसावी लागते ते मोजायला मी सकाळी प्रत्येकीच्या पदराला बटणाएवढं यंत्र लावायची. संध्याकाळी हिचे आकडे सगळ्यांत कमी निघायचे. हिच्यापुरती मी निर्धास्त होते.

एकदा भर दुपारी गेले, तर पदराला यंत्र नव्हतं.

"उन्हात बिगडात म्हणान माठाखाली ठेवलंय, बाय. सांजेक परत लावतंय."

"आणि तुम्ही?"

"माका काय होतला? आता तर घाम पण येणा नाय."

मी घाबरून तिचा हात धरला. तो कोरडा होता आणि चटका बसावा इतका तापला होता. तिने तो सोडवून घेतला आणि माठावरचं ओलं फडकं यंत्रावर नीट ओढलं.